घुमटवाडीचा अबोला आणि दोन घरची जेवणं

घुमटवाडीला जायचं मनात आणलंत, तर आदल्या दिवसापासून जेवू नका. मी जेवून गेले होते. कोल्हापूरच्या राजारामपुरीत क्लासच्या पोरापोरींची खानावळ चालवणाऱ्या बाईला खाण्याच्या बाबतीत कोण काय शिकवणार, असा माझा तोरा होता. तो घुमटवाडीत पाय ठेवल्यावर दुपारच्या आतच उतरला.

हे गाव तुम्हाला सहलीच्या कुठल्या माहितीत सापडायचं नाही. लोक पन्हाळ्यापर्यंत येतात, तटावर फोटो काढतात, झुणका-भाकर खातात आणि गाडी वळवतात. पन्हाळ्याच्या मागच्या अंगाने एक रस्ता खाली उतरतो, मग उगाचच परत वर चढतो, पुढे डांबर संपतं आणि आपण चुकलो अशी माणसाची खात्री पटते. तिथं घुमटवाडी आहे. गावाच्या मधून एक ओहोळ जातो. ओहोळाच्या वरच्या अंगाला वरची आळी, खालच्या अंगाला खालची आळी, आणि मधल्या मोरीला, म्हणजे ओहोळावरच्या बुटक्या पुलाला, लागून जैनबचाचीची पिठाची गिरणी.

या दोन आळ्या एकमेकींशी बोलत नाहीत. रुसून बोलत नाहीत असं नव्हे, रीतसर बोलत नाहीत. पन्नासएक वर्षांमागे कशावरून तरी भांडण झालं आणि दोन्हीकडच्या कर्त्या पुरुषांनी गावच्या जोतिबाच्या देवळात गुलाल हातात घेऊन शपथ घातली, की इथून पुढं या आळीतल्या माणसाचं तोंड त्या आळीतल्या माणसापाशी उघडणार नाही. शपथ घालणारे गेले, शपथ राहिली. पण गाव म्हटलं की पाण्याची पाळी आली, भाताची लावण आली, कुणाची म्हैस कुणाच्या वावरात शिरली हे सांगणं आलं. त्यावर त्यांनी तोड काढली ती अशी, की बोलायचं ते मुलाण्याच्या घरामार्फत. मुलाण्यांचं घर मोरीवर, म्हणजे ना वरचं ना खालचं. चाचीच्या सासऱ्याने निरोप पोचवले, मग नवऱ्याने पोचवले, आता चाची पोचवते. दोन माणसं हाताच्या अंतरावर उभी असली तरी मध्ये चाची लागते. ती जागेवर नसली तर म्हशीला उद्देशून बोलायचं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तशी घुमटवाडीची म्हैस बरंच ऐकून घेते.

हसू नका. माझ्या अपार्टमेंटमध्ये समोरच्या दारातली माणसं मला सहा महिन्यांत एकदा ‘नमस्कार’ म्हणतात, तेही लिफ्ट बंद पडली असेल तर. आम्ही तर शपथही घातलेली नाही.

आता माझा यात संबंध काय, ते सांगते. माझ्या वडिलांच्या दोन बहिणी याच गावात दिल्या. एकाच मांडवात, एकाच दिवशी. थोरली तानूआत्या वरच्या आळीत आणि धाकटी शेवंताआत्या खालच्या आळीत. बहिणी बहिणी जवळ राहतील, एकमेकींना बघतील, असा माझ्या आजोबांचा हिशेब. लग्नानंतर दोनेक वर्षांत शपथ झाली; कशावरून, ते घरातल्या सुनांना कुणी सांगितलंच नाही. तेव्हापासून दोघी एकमेकींना रोज बघतात, आणि बोलत नाहीत. सुरुवातीला एकदा धाकटीनं पाणवठ्यावर ‘आक्का, घागर गळतीया’ एवढं म्हटलं म्हणे, आणि त्याच आठवड्यात थोरलीची गाभण म्हैस मेली. तेव्हापासून थोरलीनं धसका घेतला. पुन्हा बोललो आणि या खेपेला म्हशीऐवजी माणूस गेलं तर? भाऊबीजेला आमच्या घरी एक सकाळी यायची, एक दुपारी. लहानपणी मला वाटायचं, आत्यांच्या अशा पाळ्याच असतात.

मागच्या वैशाखात थोरलीचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

‘सोमवारी पोरगा गाडी घिऊन येतोय. गुडघं गेलं माझं, पुण्याला न्हेतोय कायमचं. त्याच्या आत शेवंतीसंगं दोन शब्द बोलून जायाचं हाय. समोरासमोर. तू ये.’

‘मी येऊन काय करू, आत्या?’

‘तू दोघींची भाची हाईस. दोन्हीकडं जेवू शकणारं दुसरं कोण हाय मला?’

खानावळीला कुलूप लावलं आणि निघाले. पोरांना सांगितलं, तीन दिवस वडापाव खा, मरत नाही कुणी.

शुक्रवार : वडाप, मटण आणि परत मटण

पन्हाळ्यापर्यंत एसटी, पुढे वडाप. वडाप म्हणजे जिच्यात मावतील त्याहून चार माणसं जास्त बसवतात ती जीप. मी आत शिरले तेव्हा पुढच्या बाजूला बसलेले लोक आणि मागच्या बाजूला बसलेले लोक, यांच्यात एक जागा रिकामी होती. खच्चून भरलेल्या जीपमध्ये रिकामी जागा बघून मी खूश झाले आणि बसले. बसल्यावर कळलं, ती सीमा होती.

माझ्या पुढची बाई ड्रायव्हरला म्हणाली, ‘डायवर, मागच्यास्नी सांगा, त्यांची पिशवी माझ्या पायावर आलीया.’

ड्रायव्हर दुसऱ्या गावचा, त्याला सवय होती. तो आरशात बघून म्हणाला, ‘पिशवी.’ मागून पिशवी उचलली गेली. मागचा म्हातारा म्हणाला, ‘डायवर, त्यास्नी सांगा, पाय बी जरा आत घ्या म्हणावं.’

‘पाय,’ ड्रायव्हर म्हणाला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, ‘पावणं, कुणाकडं?’

सगळी जीप कान टवकारून बसली. मी म्हटलं, ‘तानूआत्याकडं.’ पुढचे हसले, मागचे बाहेर बघायला लागले. ‘आणि शेवंताआत्याकडं,’ असं म्हटल्यावर मागचे हसले आणि पुढचे बाहेर बघायला लागले. डोंगरावर करवंदीच्या जाळ्या लगडल्या होत्या, समोर लांबवर जोतिबाचा डोंगर दिसत होता. तिकडं मी एकटीच बघत होते.

थोरलीकडं पोचले तर चुलीवर मटण. पाय धुते ना धुते तोच ताट पुढ्यात. घरोघरी तांबडा-पांढरा होतो, मीही रोज करते, पण थोरलीचा पांढरा रस्सा म्हणजे माझ्या आजीचा हात. नारळाचं दूध, तीळ, खसखस, आणि मिरचीचा असा बेताचा ठसका, की वाटी संपल्यावर कळावा. मी दुसऱ्यांदा वाढून घेतला. ही माझी पहिली चूक.

‘दमानं,’ थोरली म्हणाली. ‘खालीबी चूल पेटलीया. मगाशीच धूर बघितला.’

खाली उतरून मोरी ओलांडली, धाकटीच्या दारात पोचले. आत्याने पाण्याचा तांब्या दिला आणि बसायच्या आत म्हणाली, ‘वर पांढरा दोनदा घेतलास म्हणं.’

मी चालत आले होते, बातमी कशी आली देव जाणे. गुमान बसले. धाकटीचा तांबडा रस्सा समोर आला. तोही आजीचाच हात. कांदा-लसणीचा तो खमंगपणा मला वीस वर्षांत साधलेला नाही. एका आईकडून दोघी दोन्ही रस्से शिकल्या, पण चव मात्र वाटून गेली, पांढरा वर राहिला आणि तांबडा खाली. दोन्ही एका ताटात जेवायचं भाग्य आमच्या आजीनंतर कुणालाच मिळालेलं नाही. मला वाईट वाटलं. वाईट वाटत असतानाही तांबडा दोनदा घ्यावा लागला, कारण पांढरा दोनदा घेतला होता.

जेवण होताच गिरणीवर गेले. जैनबचाची पिठाने पांढरी झालेली, पट्ट्याचा आवाज चालू, आणि ती त्या आवाजावर आवाज चढवून बोलणारी.

‘या पावणं! तुमच्यापायी आज मला चार खेपा पडल्या. वरनं सांगितलं, पोरीला बघा, पोट भरलंय का इचारा. खालनं सांगितलं, वर किती जेवली ते इचारा. माझ्या घशाला कोरड पडली बघा तुमच्या दोन वाट्यांनी.’

‘चाची, आता हे संपवू या की.’

‘मला नगं हाय व्हय? माझा सासरा ह्यात गेला, नवरा गेला. पोरगं म्हणतंय, मी न्हाय निरोप न्हेणार, मला लाज वाटती. आन् जवान पोरांना गरज बी न्हाय. त्यांचं सगळं मोबाईलवर चालतंय.’

हे खरं होतं. शपथ तोंडाची होती, बोटांची नव्हती. गावातल्या पोरांनी हे फार लवकर ओळखलं आणि दोन्ही आळ्यांचा एक ग्रुप काढला. त्यात क्रिकेट, लग्नपत्रिका, सुप्रभात, सगळं सुखेनैव चालतं. बोलून पाठवलेला निरोप चालतो का, यावर मात्र गुरवांकडं वाद गेला होता आणि गुरवांनी तो नाही म्हणून निकालात काढला. माझ्या आत्यांना ना लिहिता येतं ना वाचता. आणि दुसऱ्याकडून टाईप करून घ्यायचं, तर त्यापेक्षा चाची काय वाईट?

शपथ सोडवता येते का, हे विचारायला मी आणि चाची गुरवमामांकडं गेलो. देऊळ ओहोळाच्या उगमाशी, लहानसं, गुलालाने आतून-बाहेरून गुलाबी. मामा म्हणाले, ‘गुलाल देवाला परत करता येतोय. रीत हाय. पण दोन्ही आळ्यांनी देवापुढं एका तोंडानं सांगाय लागतंय, भांडाण कशावरनं झालं. ज्यावरनं शपथ घातली त्येचं नाव घेतल्याबिगर ती सुटत न्हाय.’

‘एवढंच ना?’ मी म्हटलं.

चाचीने माझ्याकडं असं बघितलं, की मी ओशाळले.

‘मागं एकदा घाट घातलता,’ मामा म्हणाले. ‘कारण कंचं, ह्यावरनंच जुंपली. ते भांडाण पयल्यापरास मोठं झालं.’

शनिवार : कारणाचा शोध

मला वाटलं, चार घरी विचारलं की कारण सापडेल. तसं ते सापडलं, पण प्रत्येक घरी वेगळं सापडलं.

वरच्या आळीत पहिल्या घरात म्हणाले, फणस. बुंधा आमच्या बांधात, फळ पिकलं आणि खालच्यांनी खाल्लं. त्याच्या शेजारी म्हणाले, फणस कुठला, कुस्ती. आमच्या पैलवानाने खालच्याला चीत केलं होतं, पंचाने बरोबरीत सोडवली. खालच्या आळीत कुस्तीचं नाव काढलं तर म्हणाले, खरं आहे, पण चीत आम्ही केलं होतं आणि भांडण त्यावरून नाहीच, बेंदराच्या मिरवणुकीत त्यांचा बैल आमच्या बैलाच्या पुढं घुसला त्यावरून आहे. एका म्हातारीने मला जवळ बोलावून दार लोटून घेतलं आणि सांगितलं, म्हाईच्या जेवणात बकऱ्याची मुंडी कुणी पळवली, तेवढं बघ, सगळं कळंल. म्हाई म्हणजे गावजेवण, आणि मुंडी ज्या घरी जाते त्या घराचा गावात मान मोठा, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. प्रत्येक घरी चहा झाला, काही घरी पोहे झाले. वर जितके चहा घेतले तितकेच खाली घ्यायचे, हे एव्हाना मी शिकले होते.

सगळ्या गोष्टींत एवढं मात्र सारखं होतं, की चूक समोरच्यांची होती. आणि आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सांगताना कुणाच्याही तोंडावर राग नव्हता. यात्रेतली गंमत सांगावी तसे सांगत होते. रागावायचं राहूनच गेलं होतं या लोकांचं, फक्त बोलायचं बंद होतं.

दुपारी गिरणीवर बैठक बसली. वरच्या आळीतर्फे दौलूनाना, माझ्या थोरल्या आत्याचे दीर, मिशा पिळलेले. खालच्या आळीतर्फे बाळूअण्णा, हातात काठी, आणि ती आपटायची सवय. दोघंही आले यामागे माझ्या दोन्ही आत्या होत्या. थोरलीने आळीतल्या निम्म्या पोरांना न्हाऊ-माखू घातलेलं, तिचं जाता जाता एवढं मागणं कोण टाळणार? आणि धाकटीने खाली जाहीर केलं होतं, की बोलणं झालं नाही तर यंदाच्या म्हाईच्या रश्शाला ती हात लावणार नाही. खालच्या आळीत त्या रात्री कुणाला झोप लागली नाही म्हणतात.

नाना कट्ट्यावर बसले, अण्णा पोत्यावर. मध्ये चाची.

‘चाची, सांगा त्यास्नी,’ नाना म्हणाले, ‘फणस आमचा व्हता.’

चाची वळली. ‘फणस त्यांचा व्हता.’

‘मला काय ऐकू येत न्हाय व्हय?’ अण्णांनी काठी आपटली. ‘सांग त्यास्नी, बुंधा त्यांचा, पर फांदी आमच्याकडं. फळ आपसूक पडलं. पडल्यालं खाल्लं तर चोरी व्हती व्हय?’

‘फांदी, आपसूक, चोरी न्हाय,’ चाची म्हणाली. तिने पन्नास माणसांचं बोलणं असं दोन शब्दांत बसवायची कला साधली होती.

‘सांगा त्यास्नी, आपसूक पडल्याला फणस फुटतोय. त्यो फुटला नव्हता. माझ्या आजाने बघितलंय.’

असं बरंच चाललं. शेवटी मी मध्ये तोंड घातलं, ‘अहो, तो फणस वानराने पाडला असं म्हटलं तर?’

दोघांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की विचारू नका. वानर ना वरच्या आळीचं ना खालच्या. नाना म्हणाले, वानर मोठं होतं. अण्णांनी निरोप धाडला, मोठं तर होतंच, टोळीचा म्होरक्या होता. नानांनी कळवलं, एक कान तुटका होता त्याचा. दोन चहांच्या आत त्या वानराला रंग, वय आणि स्वभावही मिळाला. गुरवमामांना बोलावून विचारलं, तर ते म्हणाले, तुमचं एकमत झालं तर देवाला चालंल. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. नुसती थोपटली नाही, खानावळीत गेल्यावर पोरांना हे कसं रंगवून सांगायचं तेही ठरवलं.

वर जाऊन थोरलीला सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. हात थांबला.

‘असलं कंचं वानर नव्हतं.’

‘आत्या, पण दोन्हीकडचे कबूल झालेत.’

‘झालं असतील. मी न्हाय. देवाचा गुलाल हातात घिऊन खोटं बोलायचं आन् शपथ सुटली म्हणायचं? आन् न्हाय सुटली तर? मी पुण्याला जाईन, आन् भोगंल ती शेवंती.’ तिचे डोळे भरले. ‘न बोलता जातो मी. पर तिच्या घरावर काय येऊ देत न्हाय.’

मला तिचा असा राग आला, की पाय आपटत खाली उतरले. पन्नास वर्षांत एकदा गाव एका गोष्टीवर एक झालं, ते वानरावर का होईना, आणि ही बाई तत्त्व घेऊन बसली. गिरणीवर चाचीला सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता तू जा धाकटीकडं, माझ्याने बघवणार नाही. चाची गेली आणि मीही मागोमाग गेलेच.

धाकटी भाकरी थापत होती. चाचीने निरोप सांगितला. या वेळी तिने दोन शब्दांत बसवला नाही, थोरलीचं एकूण एक वाक्य सांगितलं. धाकटीने ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं, आणि मगच बोलली.

‘आक्का म्हणती ते खरं हाय. मग देवाला खरं ते सांगा की. कुणाला ठाऊक हाय भांडाण कशावरनं झालं ते?’

‘कुणालाच न्हाय,’ चाची म्हणाली.

‘मग त्येच सांगा. ठाऊक न्हाय म्हणून सांगा. दोन्हीकडं सारखंच हाय न्हवं ते?’

मी आणि चाची तशाच वर गेलो. थोरलीला हे पटलं. गुरवमामांनी जरा डोकं खाजवलं, म्हणाले, देवापुढं खरं आणि एका तोंडानं, दोन्ही झालं की झालं. अडचण आता वेगळीच होती. तुम्ही कोल्हापुरात कधी पत्ता विचारला आहे का? ‘ठाऊक न्हाय’ असं म्हणणारा माणूस तुम्हाला भेटणार नाही. तो तुम्हाला उलट दिशेने गडहिंग्लजपर्यंत धाडेल, पण ठाऊक नाही म्हणणार नाही. आणि इथं तर दौलूनाना आणि बाळूअण्णा, दोन आळ्यांची दोन नाकं. आधी कोण म्हणणार? आधी म्हणेल तो अडाणी ठरणार. शेवटी ठरलं, घंटा वाजली की दोघांनी बरोबर म्हणायचं. वानर सोडून देताना दोघंही हळहळले.

रविवार : देवळात

जोतिबाचा वार. रात्रीचं मटण उरलं होतं, पण आज त्याला कुणी हात लावणार नव्हतं. दोन्ही घरी वरणभात, दोन्ही घरी माझं जेवण, हे आता सांगायला नकोच.

सगळं गाव देवळात. मधून वाट सोडलेली, एका बाजूला वरचे, एका बाजूला खालचे. पोरं भिंतीवर चढून मोबाईल धरून बसलेली. चाची पायरीजवळ उभी. नाना आणि अण्णा देवापुढं, मुठीत गुलाल. थोरलीला आळीतल्या दोन बायकांनी धरून आणलेलं, तिला बसायला पाट दिला तर बसली नाही. वाटेच्या पलीकडं धाकटी, डोक्यावर पदर, नजर खाली.

गुरवमामांनी घंटा वाजवली.

नाना अण्णांच्या तोंडाकडं बघत होते, अण्णा नानांच्या.

‘चाची, सांगा त्यास्नी, घंटा झाली,’ नाना म्हणाले.

‘सांग त्यास्नी, मलाबी कान हाईत.’

दुसरी घंटा. नानांनी सुरुवात केली, ‘देवा, भांडाण कशावरनं...’ आणि अण्णा गप्पच आहेत असं बघून मध्येच थांबले. ‘बघा! चाची, बघितलंसा? मला आधी म्हणाय लावत्यात!’ वरच्या आळीत कुजबूज, खालच्या आळीत हसू. हसू ऐकून वरच्यांच्या भुवया चढल्या. मी थोरलीकडं बघितलं. तिचा चेहरा पार उतरला होता. ती वळून जायला निघाली होती.

तेवढ्यात पायरीवरून जैनबचाचीचा आवाज आला. गिरणीच्या पट्ट्यावर मात करणारा आवाज तो, देवळात घुमला.

‘या अल्ला! इथं म्हातारी बहिणीसाठी उभी हाय आन् तुमचं काय चाललंय? आमच्या घरानं तुमच्या तीन पिढ्यांचं निरोप व्हायलं. आता घंटा व्हईल तवा दोघांबी बोललासा तर बोललासा. न्हायतर उद्यापासनं गिरणी बंद! दळणं पन्हाळ्याला न्ह्या डोक्यावरनं!’

तिसरी घंटा वाजायच्या आतच दोघं एका दमात ओरडले, ‘कशावरनं भांडलो ठाऊक न्हाय, देवा!’

गुलाल उडाला. मामांनी दोघांच्या मुठीतला उरलेला देवापुढं ठेवून घेतला. झालं, म्हणाले, सुटली.

सुटली म्हटल्यावर काय करायचं ते कुणालाच सुचेना. नाना आणि अण्णा समोरासमोर उभे, आणि दोघंही चाचीकडं बघताहेत. चाचीने पाठ फिरवली. पोरं ‘बोला की, बोला की’ म्हणून दंगा करायला लागली. पण सगळ्यांचे डोळे खरे होते ते माझ्या आत्यांवर. एवढं सगळं त्या दोघींसाठी झालेलं. आता दोन शब्द काय बोलतात ते ऐकायला गाव टाचा उंचावून उभं होतं. मीही होते. मला वाटलं, म्हातारपणाचं काही बोलतील, सुखाने राहा म्हणतील, आईची आठवण काढतील.

धाकटी वाट ओलांडून पुढे आली. थोरलीच्या समोर उभी राहिली, तिचा हात धरला, आणि लहान पोरीने म्हणावं तसं म्हणाली,

‘आक्का, पुण्याला जाऊ नगंस.’

थोरलीचे ओठ हलले. सवयीने ती चाचीकडं वळायला गेली, अर्ध्यात थांबली आणि परत बहिणीकडं वळली.

‘मग आजवर का न्हाय कळवलंस? महिना झाला, गावाला ठाऊक हाय मी जातोय म्हणून. चाची व्हती की.’

‘ह्ये कुणाच्या हाती धाडू, आक्का?’

मला रडू आलं. चाचीने तोंडाला पदर लावला. अण्णांनी काठी आपटली नाही. मग थोरलीने डोळे पुसले, कनवटीचा छोटा फोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘पोराला लाव.’ तिला कमी ऐकू येतं म्हणून मी आवाज मोठा केला, त्यामुळं पुढचं सगळ्या गावाने ऐकलं.

‘गाडी घिऊन येऊ नगंस,’ तिने मुलाला सांगितलं. ‘शेवंती जाऊ नगंस म्हणतीया.’

‘आई, आता हे नवीन काय? तुला कुणी सांगितलं, चाचीनं?’

‘शेवंतीनंच सांगितलं,’ आत्या म्हणाली. ‘तिच्या तोंडानं.’